कारळगावच्या फाट्यावर दोन आवाज

नांदेड ते लातूर आणि पुढे औसा हा रस्ता मी कितीतरी वर्षे केला, तरी तो मला माहीत नव्हता. गाडी उमा चालवायची. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. लोहा आले की ती म्हणायची, "पान दुमडा, चहा घेऊ," आणि मी मान वर करायचो. रस्त्याच्या माझ्या सगळ्या आठवणी अशा मान वर केलेल्या क्षणांच्या आहेत. मधला रस्ता तिच्याकडे होता.

उमा उन्हाळ्याच्या शेवटी गेली. त्यानंतर गाडी मी फक्त कॉलेजच्या ग्रंथालयापर्यंत आणि परत एवढीच चालवली. दिवाळी झाल्यावर मंगलवहिनींचा फोन आला. त्या उमाच्या धाकट्या भावाच्या पत्नी. भाऊ टँकरवर असतो आणि महिनोन्‌महिने गुजरातकडे असतो. कारळगावच्या घरी वहिनी आणि सासरे, दोघेच.

"दाजी, आप्पांच्या पायाचा अंगठा काळा पडलाय. लातूरच्या डॉक्टरला फोटो पाठवला. ते म्हणले, काळं वर चढायलंय, परवा दुपारच्या आत आणा. उशीर झाला तर पाऊल काढावं लागंल."

"मग जीप करून आजच घेऊन जा की वहिनी."

"जीप दारात आणली व्हती. हे आत जाऊन बसले. म्हणतेत, उमीचे मालक येतील तवा जाईन."

सासऱ्यांना साखरेचा जुना आजार आहे. दर काही महिन्यांनी त्यांना तपासायला लातूरला नेण्याचे काम उमाचे होते. ती गेल्यावर ते राहूनच गेले. आता जायचे मला होते, आणि मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलण्याचा प्रसंग पाच-सहा महिने टाळत आलो होतो. मी म्हणालो, येतो. फोन ठेवल्यावर लक्षात आले, की औशाच्या पुढे कुठे वळायचे हेही मला सांगता येणार नाही.

नांदेड

मोटारीचे सामान विकणारे रफीकभाई आमच्या ओळखीचे. सीट कव्हरे, हॉर्न, काचेवरची काळी पट्टी, सगळे उमाने त्यांच्याकडून घेतलेले. मी रस्ता दाखवणारे यंत्र मागितले तेव्हा त्यांनी माझ्या खिशाकडे बोट दाखवले.

"फोन हाय ना सर? समोर लगाओ, हो गया. मशीन कायको?"

"फोन येत राहणार. घरी माणूस आजारी आहे. फोन घ्यायचा की रस्ता बघायचा?"

हे त्यांना पटले. त्यांनी दोन यंत्रे काढून काउंटरवर ठेवली. एक तळहाताएवढे, जाडसर, काचेला चिकटवायचे. त्याच्या पोटातच कार्ड आणि कार्डात सगळा नकाशा. दुसरे पाटीएवढे रुंद, पातळ, चकचकीत. त्याला फोनसारखे सिम लागते आणि नकाशा ते वरून ओढून घेते.

"छोटीला नेट लगता नै. डोंगरात न्या, बिहडात न्या, बोलतच राहती. हिंदी बोलती. मगर नक्शा पुराना है, हे आधीच सांगून राहिलो. मोठी नवीन. कुठं रस्ता खोदला, कुठं ट्राफिक, सब मालूम. मराठी बोलती, एकदम रेडिओसारखी. पण नेट गेलं की मुकी."

"यांतली चांगली कुठली?"

"ते मी सांगू? चालवणार तुम्ही." मग त्यांना एकदम सुचले. "असं करा, दोन्ही लावून देतो. जाऊन या. जी पटंल ती ठेवा, दुसरी परत. पण सासुरवाडीला चाललात, रस्त्यात दोघी भांडल्या तर मला फोन करू नका. म्याडमला सांगा, त्या मिटवतील."

मी काउंटरवरच्या यंत्रांकडे पाहत राहिलो. ते हसत होते, मग हसणे थांबले.

"म्याडम..."

मी सांगितले. रफीकभाईंनी दोन्ही यंत्रे उचलली, बाहेर आले आणि गाडीची पुढची काच आतून-बाहेरून पुसू लागले. काच स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ पुसत होते. छोटे यंत्र उजवीकडे लावले, मोठे डावीकडे. पैशाचे नावच काढू दिले नाही. "जाऊन या पहले," एवढेच म्हणाले.

लोहा, अहमदपूर

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेड सोडले की लोह्यापर्यंत काळ्या रानाचा सपाट पट्टा लागतो. पुढे बालाघाटच्या टेकड्या जमीन उचलू लागतात. रस्ता वळत वळत चढतो, दगड वर येतो, झाडे बुटकी होतात. या दिवसांत सोयाबीन निघालेले असते आणि शेताशेतात त्याच्या बनीमी, म्हणजे झाकून ठेवलेले ढीग, दिसतात. मधल्या तासांतली तूर मात्र हिरवीगार आणि फुलावर आलेली. हे सगळे मी पहिल्यांदाच सलग पाहिले, आणि तेही नीट नाही, कारण डोळे रस्त्यावरून हलवायची भीती वाटत होती. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. एकामागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही. अशा एका ट्रॅक्टरमागे मी इतका वेळ रेंगाळलो, की मागच्या बसच्या ड्रायव्हरने पुढे जाताना खिडकीतून विचारले, "वरातीत हाव का?"

यंत्रांचे तोपर्यंत बरे चालले होते. रस्ता एकच असल्याने भांडायला जागा नव्हती. मोठी म्हणायची, "सरळ पुढे जात राहा." थोड्या वेळाने छोटी म्हणायची, "सीधे चलते रहिए." मोठीच्या बोलण्यात बातम्या देणाऱ्या बाईंची शुद्धता होती. 'शिरूर ताजबंद' ती इतके स्पष्ट म्हणाली, की तिथला कुणी ते ऐकून ओळखणार नाही. छोटीला मराठी गावांची नावे पेलत नव्हती. पण ती कधी घाई करत नव्हती, आणि मला त्याचा आधार वाटू लागला.

अहमदपूरला जेवायला थांबलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. आमच्या नांदेडकडे ताटात भात आधी येतो आणि त्याला हैदराबादी वास असतो. इथे भाकरी संपेपर्यंत भाताचे कुणी नावही काढत नाही. मी अर्धी भाकरी ठेवून उठलो. समोर घड्याळ होते आणि मी सारखा उद्या दुपारपासून मागे मोजत होतो.

संध्याकाळी लातूरला पोचलो. बसस्थानकाजवळ खोली घेतली आणि वहिनींच्या फोनवर सासऱ्यांशी बोललो. उमाच्या जाण्यानंतर आम्ही एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होतो.

"मामा, पाय कसा आहे?"

"हाय."

"मी उद्या सकाळी गावात येतो. तयार राहा. तुम्हाला घेऊन लगेच निघायचं."

मग त्यांनी विचारले, "गावात येता?"

"हो, गावातच येतो."

"उमीसारखं?"

मला वाटले, ते तिच्या आठवणीने बोलत आहेत. "हो," म्हणालो.

"बरं. या पाव्हणं. मी हाय तिथं."

औसा

सकाळी लवकर निघालो. औशाच्या अलीकडे एका टपरीवर सुशीला खाल्ली. भिजवलेले चुरमुरे, वर डाळीचे पीठ, भरपूर कोथिंबीर. नांदेडचे लोक सकाळी एवढ्या तिखटाने दिवस सुरू करत नाहीत, पण इथे शाळेची मुलेही मागून मिरची घेत होती. किल्ल्याची तटबंदी एका बाजूला ठेवून मी सोलापूरच्या रस्त्याने पुढे गेलो. बाजाराचा दिवस असावा. समोरून शेळ्या, पोती आणि माणसे भरलेल्या गाड्या औशाकडे येत होत्या.

दोन्ही यंत्रांत मी 'कारळगाव' लिहिले होते आणि दोन्हींना ते सापडले होते. अंतर थोडे वेगळे दाखवत होती. मी मनात म्हणालो, यंत्राचा हिशेब, इकडे-तिकडे होणारच.

मग फाटा आला.

"पाचशे मीटरवर डावीकडे वळा," मोठी म्हणाली.

"सीधे चलते रहिए," छोटी म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली. डावीकडे नवा डांबरी रस्ता होता. सरळ जाणारा रस्ता उखडलेला, दोन्ही कडांनी बाभळी आत आलेल्या. फाट्यावर पाटी नव्हती. विचारायला माणूस नव्हता. उमाने इथे काय केले असते हे आठवायचा मी प्रयत्न केला. ती एखादे खडबडीत वळण घ्यायची तेव्हा पुस्तकातली ओळ हलायची, एवढेच आठवले. रफीकभाई म्हणाले होते की छोटीचा नकाशा जुना. मी डावीकडे वळलो. छोटी बराच वेळ मागून सांगत राहिली, "यू-टर्न लीजिए."

मोठी बरोबर होती. थोड्याच वेळात कारळगावची कमान आली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, एकाच मापाची घरे, भिंतींवर क्रमांक. भूकंपानंतर सरकारने वसवलेले हे गाव. उमाचे माहेर मी पाहिले ते हेच, तिसऱ्या रांगेतले घर. मी दारात गाडी लावली, आणि घड्याळ पाहून मला हायसे वाटले. भरपूर वेळ होता.

मंगलवहिनी बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग गाडीत पाहिले, मागच्या सीटवर पाहिले.

"आप्पा कुठंयत?"

"कुठं म्हणजे? घरात नाहीत?"

"तुमच्याकडं गेले की! उजाडायच्या आधीच शेजारच्या नागनाथच्या गाडीवर बसून गेले. तो बाजाराला चालला व्हता, त्याला म्हणले मला गावात सोड. तुम्हीच म्हणले ना, गावात येतो म्हणून?"

"गावातच तर आलोय."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "दाजी, ह्याला गाव कोण म्हणतंय! आप्पा ह्याला कालनी म्हणतेत. गाव म्हंजे जुनं गाव. पडलेलं. तिथं कोण न्हाई आता, नुस्त्या बाभळी."

मी त्या घरात जावई म्हणून इतकी वर्षे आलो आणि हा फरक मला कळला नव्हता. उमा कधी 'गावात' म्हणायची, कधी 'घरी' म्हणायची. मी दोन्ही एकच समजत होतो.

"ठीक आहे, पायाला त्रास होईल, पण मी जाऊन आणतो," मी म्हणालो.

"पायाचं सोडा आता." वहिनींचा आवाज बदलला होता. "सकाळची सुई घेऊन गेलेत. इन्सुलिन. आन्‌ भाकर तशीच झाकून हाय. मी म्हणलं दोन घास खावा, तर म्हणले, पाव्हणे यायच्या आधी कसं खाऊ."

इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले की रक्तातली साखर किती खाली जाते, हे मी उमाकडून ऐकले होते. माणूस घामाघूम होतो, बरळतो, मग बोलत नाही. उजाडायच्या आधीपासून आतापर्यंतचा वेळ मी मनात मोजला आणि मोजणे सोडून दिले. नागनाथचा फोन वाजत होता, उचलत नव्हता. बाकी गडीमाणसे रानात किंवा बाजारात.

वहिनी आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या. अर्धी साखर एका कागदात बांधून माझ्या हातात दिली, अर्धी पदरात बांधली. "मी नाल्यातून पायवाटेनं जाते. गाडी तिकडनं येत न्हाई, तुम्हाला फाट्यापस्न फिरून यावं लागंल. पण गाडी लागंलच, ते चालणार न्हाईत."

त्या निघाल्याही. मी गाडी वळवली.

गाव

मोठ्या यंत्रात 'जुने कारळगाव' लिहून पाहिले. ते एकच कारळगाव दाखवत होते, जिथे मी होतो तेच. फाट्याकडे येता येता नेट गेले आणि पडद्यावर करड्या रंगात एक निळा ठिपका राहिला, भोवती काही नाही. छोटीने मात्र आपले म्हणणे सोडलेले नव्हते. फाट्यावर मी तिचे ऐकले आणि उखडलेल्या रस्त्याला लागलो. बाभळीचे काटे दोन्ही बाजूंनी गाडी ओरखडत होते. "तीन सौ मीटर बाद, दाएँ मुड़िए." वळण होते. गवतात बुडालेले, पण होते.

वळलो आणि थांबलो. रस्त्याच्या मधोमध सोयाबीनची बनीम, तिला लागून मळणीयंत्र, यंत्राला जोडलेला ट्रॅक्टर. धुरळा आणि आवाज इतका की माझा हॉर्न मलाच ऐकू येईना. मी उतरून पळत गेलो. दोघे मळत होते. एकाने तोंडावरचा रुमाल खाली केला.

"जरा बाजूला घ्या, गाडी न्यायची आहे!"

"कुठं न्यायची? म्होरं काय न्हाई."

"जुन्या गावात जायचंय."

"तिथं भुतं बी ऱ्हात न्हाईत. रस्ता चुकला तुम्ही. त्या मशीननं आणलं असंल!" दोघे हसले. "मागल्या साली एक असाच आला व्हता, लग्नाला."

"माझे सासरे तिथे आहेत. शिवाप्पा."

हसणे थांबले. "शिवाप्पा? कवापस्न?"

"सकाळपासून. सुई घेतलीय आणि उपाशी आहेत."

"आरं, मग आदी सांगावं की मर्दा! हॉर्न काय वाजवतो?" त्याने यंत्र बंद केले. दुसरा ट्रॅक्टरवर चढला. ट्रॅक्टर मागे घेताना बनीमीचा एक भाग चाकाखाली आला आणि शेंगा फुटल्या. कुणी तिकडे पाहिले नाही. "जा, जा. कडेकडेनं घ्या. म्होरं पाइप फुटलाय, चिखल हाय, मधून जाऊ नका!"

मी कडेकडेने घेतली, तरी गेलीच. पुढचे चाक काळ्या चिखलात जागच्या जागी फिरू लागले. इंजिन ओरडत होते आणि गाडी खोल बसत होती. मी किल्ली काढली, साखरेचा कागद घेतला आणि चालू लागलो. पळता येत नव्हते, कारण प्रत्येक पावलाला चिखल बुटाला धरत होता. मी "मामा!" अशी हाक मारली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. वाचनालयात आयुष्य गेलेल्या माणसाला मोठ्याने हाक मारता येत नाही.

बाभळींत मधूनमधून दगडी जोती दिसत होती. एका ठिकाणी रांजण ठेवायचा खड्डा, एका ठिकाणी तीन पायऱ्या आणि वर आकाश. मग दोन चिंचा आल्या आणि त्यांच्या सावलीत वेशीचा एक खांब, दुसऱ्याच्या जागी ढीग. खांबाला टेकून सासरे बसले होते.

पांढरे धोतर, धुतलेला सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे. पण घामाने पट्टे खाली ओघळले होते आणि सदरा अंगाला चिकटला होता. डोळे उघडे होते.

"मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बस गेली का?"

"मामा, मी आलोय. तोंड उघडा."

"लातूरची गेली का बस?" जीभ जड झाली होती. मी त्यांचे डोके धरले आणि साखर गालाच्या आत बोटाने चोळू लागलो. थोडी सांडली, थोडी आत गेली. पुन्हा चोळली. त्यांचे हात थंड होते आणि थरथरत होते. पाणी आणायला मी विसरलो होतो. त्यांचा श्वास मोजावा की साखर घालावी हे कळेना म्हणून मी साखर घालत राहिलो. कितीतरी वेळाने त्यांनी गिळले.

मंगलवहिनी पलीकडून आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. त्यांच्याकडे पाण्याची बाटली होती. त्यांनी साखर पाण्यात विरघळवली आणि घोट-घोट पाजली. मग सासऱ्यांनी हाताने बाटली बाजूला सारली.

"पुरे. ग्वाड लई झालं."

वहिनी तिथेच खाली बसल्या. रडणे आणि ओरडणे त्यांना एकदमच आले. "आप्पा, सुई टोचून उपाशी बसत असतेत का कुणी? जीव गेला असता म्हंजे?"

"पाव्हणे यायच्या आधी जेवू व्हय?" मग माझ्याकडे वळून, रागाने, "आन्‌ पाव्हणं, तुम्ही मागल्या बाजूनं आला. मी इकडं तोंड करून बसलोय."

"मी कॉलनीत गेलो होतो, मामा. मला वाटलं, गाव म्हणजे तेच."

त्यांनी खांबावरून हात फिरवला. मग सावकाश म्हणाले, "दुखवट्यातला माणूस पयल्यांदा येतो, तवा तो थेट दारात येत न्हाई. वेशीत थांबतो. घरचा माणूस जाऊन त्याला घेऊन येतो. तुमचं दुःख, माझं दुःख. कालनीला वेस कुठंय? कमान हाय, नुसती लोखंडाची. उमी एकटी यायची तवा बी आदी इथंच थांबायची. म्हणून म्हणलं, जावयाला इथनं न्यावं."

मी पाच महिने त्यांना टाळत होतो, आणि ते माझी वाट पाहायला काळ्या पडलेल्या अंगठ्याने इथवर आले होते.

वहिनींना वेळेचे भान होते. "आप्पा, डॉक्टर दुपारच्याला जाणार. अंगठा बघा."

फडके सोडले तर काळे अंगठ्याच्या मुळाशी पोचले होते. वास येत होता. सासरे मात्र वेशीच्या आत पाहत होते. "आत जाऊन येऊ. घराची जागा तरी दाखवतो पाव्हण्याला. हितंच हाय."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. नाही म्हणायचे ते मला म्हणायचे होते, कारण माझेच ते ऐकणार होते. आणि ज्यासाठी ते आले होते तेच मी नाकारायचे होते.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही मला वेशीत घ्यायला आलात. आता घरचा माणूस म्हणून मी सांगतो. आत जायचं नाही. लातूरला जायचं."

त्यांनी एकदा वेशीच्या आत पाहिले. मग हात पुढे केला. मी त्यांना उठवले. मला धरून, एका पायावर, ते वेशीच्या जागेतून आत गेले, एकच पाऊल, मला घेऊन. मग वळून बाहेर आले. "झालं," म्हणाले.

मळणीवाले दोघे ट्रॅक्टर घेऊन आले होते. गाडी त्यांनी साखळीने ओढून काढली. एकाने सासऱ्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवले. "आप्पा, आता बाजाराला बी आम्हाला इचारून जायचं," असे बजावून तो गेला.

लातूर

औशाच्या जवळ मोठीला नेट आले आणि ती बोलू लागली. सासऱ्यांनी मागून विचारले, "ही कोण?"

"रस्ता सांगते, मामा."

"आन्‌ ती दुसरी?"

"तीही."

"दोघी एकदम बोलू लागल्या म्हंजे गाडीवाल्यानं काय करावं?"

लातुरात शिरताना तोच प्रश्न उभा राहिला. दवाखान्याचा मुख्य रस्ता गटारीसाठी खोदलेला होता. छोटी त्याच रस्त्याकडे बोट दाखवत राहिली. तिच्या नकाशात तो अजून शाबूत होता. मोठीने मला दोन गल्ल्या फिरवून, एका पिठाच्या गिरणीशेजारून, दवाखान्याच्या मागच्या दारात नेले. डॉक्टर अजून होते. पाय पाहून ते वहिनींना म्हणाले, "संध्याकाळी आणला असता तर पाऊल राहिलं नसतं." अंगठा त्याच दिवशी काढला. पाऊल राहिले.

पुढचे दिवस मी दवाखान्याच्या बाकावर काढले. आसपासचे नातेवाईक गाडीतल्या दोन यंत्रांबद्दल विचारायचे, आणि घ्यायचे तर कुठले, असेही विचारायचे. त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो. दुकानात यंत्र हातात घ्याल तेव्हा पुण्या-मुंबईचा रस्ता विचारू नका. तो सगळ्यांना येतो. जे गाव तुम्हाला ठाऊक आहे ते विचारा, आणि ते कुठले गाव दाखवते ते बघा. नेट नसलेल्या जागी ते चालते का, आणि ज्या शहरात रोज रस्ते खोदले जातात तिथे ते शहाणे राहते का, दोन्ही बघा. दोन्ही गुण एकात मिळाले नाहीत, तर तुम्हाला जास्त वेळा कुठे जावे लागणार आहे, त्याचा विचार करा.

मी तो केला आणि रफीकभाईंना फोन केला. "मोठी ठेवतो. छोटी परत आणतो."

"छोटीनंच तो काम किया ना सर, तुम्हीच सांगितलं."

"हो. पण आता दर आठवड्याला पट्टी बदलायला लातूरला यायचंय. आणि त्या गावाचा रस्ता मला पाठ झालाय."

सासऱ्यांना घरी सोडले त्या दिवशी ते मागे पाय लांब करून बसले होते. वहिनी पुढे. मी छोटीची वायर काढून ठेवली होती. औसा गेले. फाटा दिसू लागला तेव्हा मी गाडी हळू केली, कारण डॉक्टरांनी खडबडीत रस्ता नको म्हणून सांगितले होते आणि सासरे काय म्हणतील ते मला माहीत होते.

"पाचशे मीटरवर डावीकडे वळा."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. समोर बाभळींत शिरणारा रस्ता, डावीकडे डांबर. मागे न पाहता विचारले, "मामा, वेशीकडून जाऊ या का?"

एक बैलगाडी आमच्या शेजारून गेली.

"न्हाई," ते म्हणाले. "घरी चल."

मंगलवहिनी वळून मागे पाहू लागल्या. त्या घरात जावयाला 'चल' म्हटलेले त्यांनी कधी ऐकले नसावे. मी गाडी गिअरमध्ये टाकली आणि डावीकडे वळलो.